देवाप्पांचा वन-वे

देवाप्पा भावसारांना वेड लागलं, अशी चामराजपेटेत आवई उठली. धडधाकट स्कूटर ते रोज सकाळी कापडाच्या गठ्ठ्यांसकट ढकलत नेत. डोकं शाबूत होतं, वैताग तेवढा खरा. कोंडी फुटावी म्हणून शहरानं चिकपेटेत एकेरी वाहतूक केली, आणि कोपऱ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या त्यांच्या तिथल्या दुकानाला दोन किलोमीटरचा वळसा पडला. तेवढ्यात बोहनीचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात शिरायचं. म्हणून कोपऱ्यावर इंजिन बंद करून, शहराच्या नावानं बोटं मोडत, ते उलट्या दिशेनं पायी निघत.

एकदा पोलिसानं अडवलंच. “अण्णा, स्वल्प वळसा घ्या की! काय बिघडतं?”

देवाप्पा कडाडले, “स्कूटर मी ढकलतोय, सायबा. शेजारी गेलेलं गिऱ्हाईक तू ढकलत आणशील का?”