मामंजींची बशी

आमच्या देवासच्या घरात सासऱ्यांना अजून मामंजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामंजींच्या दहाव्याला क्षिप्रेवर कावळा काही शिवेना. ऊन चढलं, गुरुजी चुळबुळ करायला लागले. आमच्या यांनी हात जोडून "आईला सांभाळू, काळजी करू नका" वगैरे सगळं सांगून झालं. कावळे झाडावर ढिम्म! शेवटी हट्टानं घाटावर आलेल्या आत्याबाईच पुढे झाल्या.

"चारचा चहा चुकू देणार नाही," त्या म्हणाल्या. "गोड देईन, टोस्ट देईन. आता तरी घ्या."

मामंजींना साखरेचा आजार होता. शेवटी शेवटी अर्धांग झालं, वाचा गेली, उजवा डोळा सारखा गळायचा. तरी चार वाजले की ते आपल्या निळ्या काठाच्या बशीकडे बघत बसायचे. गोड बंद ठेवायचं काम आत्याबाईंकडे होतं. त्या मान हलवून नाही म्हणायच्या आणि स्वयंपाकघरात येऊन रडायच्या.

तर आत्याबाईंचं बोलणं संपतंय तोच कुठूनसा एक करडा कुत्रा आला आणि पिंडाचा भात खाऊन मोकळा झाला. निघताना बघतो तर स्वारी आमच्याआधी गाडीत! त्याला खाली उतरवायची कुणाची छाती झाली नाही.

तेव्हापासून चार वाजता मामंजींच्या खोलीत त्या बशीत चहा, साखर घसघशीत, त्यात भिजवून मऊ केलेले टोस्ट. जेवायला गूळपोळीचा काला किंवा शिरा. पोळी कोरडी टाकली तर आत्याबाई मला म्हणायच्या, "अगं, त्यांना चावत नाही." त्या कुत्र्याला 'अहो' म्हणत. मी कपाळावर हात मारायची. पण दुःखातल्या बाईशी वाद कोण घालणार?

वर्ष सरलं आणि मामंजींच्या खोलीत वास यायला लागला. त्यांच्या शेवटच्या दिवसांत यायचा तोच, गोडसर, कुजका. मी फरशी फिनाईलनं पुसली, गादी उन्हात टाकली. चार वाजले की वास हजर. मग एका दुपारी मी त्या खोलीत तांदूळ निवडत होते आणि मागून आवाज आला, कर्र, कर्र. मामंजी झोपेत दात खायचे ना, अगदी तसा! हातातलं ताट खाली पडलं. वळून बघते तर मामंजींच्या फोटोखाली कुत्रा बसलेला, जबडा हलतोय, नजर माझ्यावर.

"ऐकलंस ना?" दारातून आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आनंद होता. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

पुढच्या आठवड्यात कुत्र्याच्या उजव्या डोळ्याखाली फुगलं, फुटलं आणि गळायला लागलं. उजव्याच. आमचे हे, एवढे कारखान्यातले इंजिनियर, तेसुद्धा एकदा त्या डोळ्याकडे, एकदा फोटोकडे बघायला लागले. पण कुत्र्यानं चहासुद्धा सोडला तेव्हा मी म्हटलं, आता पुरे झालं, दवाखान्यात नेऊ या. आत्याबाईंनी त्याला मामंजींची शाल गुंडाळली. रिक्षावाला यांना विचारतो कसा, "भिया, कुत्ता है कि मेहमान?"

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा ओठ उचलला आणि तोच वास भपकन आला. दाढांवर पिवळा दगड चढलेला, हिरड्या सडलेल्या.

"आंटी, क्या खिलाते हो?"

आत्याबाईंनी अभिमानानं सांगितलं. बाई कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. मग त्यांनी समजावलं. असलं मऊ, चिकट खाणं दातांना धरून बसतं, त्याचा थर साचतो, थराचा दगड होतो. दूध-पोळी खाणाऱ्या मांजरांचंही हेच होतं. वरच्या मोठ्या दाढेचं मूळ डोळ्याच्या खालीच असतं, ते पिकलं की तिथूनच पू येतो. दुखतं म्हणून तो दात खातो.

"दाढ़ें निकालनी पड़ेंगी. और मीठा बिल्कुल बंद, नहीं तो बचेगा नहीं."

आत्याबाईंनी माझा हात घट्ट धरला. "परत मीच नाही म्हणू का गं? परत मीच?"

नकार त्यांनाच द्यायचा होता. कुत्रा दुसऱ्या कुणाच्या हातून खायचाच नाही.

दाढा काढल्या. जखम भरल्यावर आत्याबाई बोटाला फडकं गुंडाळून रोज त्याचे उरलेले दात पुसायला लागल्या, मामंजींचं तोंड पुसायच्या तसंच. आता त्याला डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं खाणं मिळतं, साखरेचा कणही नाही. पहिल्या दिवशी चार वाजता तो बशीपाशी येऊन बसला. आत्याबाईंनी मान हलवली. तो बघत राहिला, त्या रडत राहिल्या, पण चहा दिला नाही.

महिन्याभरात त्याचा डोळा कोरडा झाला. दात खाणं थांबलं. गडी दूधवाल्यावर भुंकायला लागला, माझी चप्पल पळवायला लागला. चार वाजले तरी फोटोखाली फिरकेना. आत्याबाईंनी दोनदा "अहो" म्हणून हाक मारली. तो अंगणात खारीमागे धावत होता.

"बरा झाला गं," त्या म्हणाल्या. मग खोलीत जाऊन उभ्या राहिल्या, दीर्घ श्वास घेतला. "वाससुद्धा नाही राहिला बघ."

मी त्यांच्या शेजारी उभी होते. वर्षभर त्यांना मनातल्या मनात वेडी म्हणणारी मी. खरं सांगते, मीही हुंगून पाहिलं. फिनाईलशिवाय कसलाच वास नव्हता, आणि मामंजी गेले तेव्हा आलं नव्हतं ते रडू मला तेव्हा आलं.