पडद्यावरच्या बाईला दिलेली उत्तरं

आई गेली त्या वर्षी मी बडोद्यात, नागरवाड्यातल्या घरी कॅमेरा लावला आणि त्याच्यासमोर बसून साधे प्रश्न विचारले. "जेवलात का? रात्री झोप लागली का? आज कोणाशी बोललात?" प्रत्येक प्रश्नानंतर मिनिटभर गप्प राहून मी भिंगाकडे बघत राहायची, जणू समोरचं माणूस उत्तर देतंय. प्रश्न मराठीत होते. आई गेल्यावर घरात मराठी बोलायला कोणी उरलं नव्हतं. बाहेर तर सगळं गुजराती नाहीतर हिंदी.

हा व्हिडिओ बडोद्यातल्याच एका छोट्या कलादालनात लागला. कोपऱ्यात टीव्ही, समोर एक खुर्ची. लोक यायचे, उभ्याउभ्या जरा बघायचे, "सरस छे" म्हणून पुढे जायचे. खुर्चीवर कोणी बसायचं नाही.

आठवड्याने दालनातली मुलगी म्हणाली, "दीदी, एक काका रोज चारला येतात. तुमच्याशी बोलतात."

दुसऱ्या दिवशी मी प्लायवूडच्या आडोशाला उभी राहिले. सत्तरी उलटलेले गृहस्थ आले, कापडी पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसले.

"जेवलात का?" पडद्यावरची मी.

"जेवलो गं. खिचडी होती. सून करते सगळं, पण गुजरातीतच बोलते. मुलगाही आता तसंच."

"रात्री झोप लागली का?"

"कसली झोप. गुडघा ठणकतो."

"आज कोणाशी बोललात?"

ते पडद्याकडे जरा झुकले. "तुझ्याशीच," म्हणाले. पडद्यावर मी मान हलवली. चित्रीकरणाच्या वेळी मान अवघडली होती, म्हणून हलवली होती. त्यांना ते पुरलं. ते हसले.

तीन दिवस मी लपून ऐकलं. चौथ्या दिवशी राहवेना. पुढे होऊन म्हटलं, "काका, ही मीच."

ते गडबडून उठले. एकदा पडद्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "अच्छा, तुम्ही होय? छान केलंय, बेन."

मी त्यांना बाहेर चहाला नेलं. ते पाणीगेटला राहायचे, एवढं कळलं. मी गुडघ्याचं विचारलं तर म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे." कॅमेरा केवढ्याचा, हे शिकायला किती वर्षं लागतात, असलं काहीबाही विचारत त्यांनी चहा संपवला आणि पिशवी सावरत निघाले. मला एकदाही "तू" म्हणाले नाहीत.

त्यानंतर ते आले नाहीत. प्रदर्शन संपेपर्यंत मी रोज चारला तिथे असायची. पुढे दोनदा काही काम नसताना पाणीगेटला चक्कर मारली. ते भेटले असते तर मी काय बोलले असते, कोण जाणे.

मी अजून कॅमेऱ्यासमोर बसते. पण आता माझा व्हिडिओ कुठल्या दालनात लागला, की टीव्ही चालू करून देते आणि घरी येते. कोण बघतं, काय म्हणतं, विचारत नाही. उद्घाटनालाही थांबत नाही.