कांद्याला पाणी सुटावं म्हणून

कारखान्याच्या कँटीनमध्ये हयात घालवलेल्या त्या माणसाला सगळे वस्ताद म्हणत. बायको तोंडावर 'अहो' म्हणायची, पण शेजारणीशी बोलताना तीही 'आमचे वस्ताद' म्हणायची. त्यात कौतुक किती आणि थट्टा किती, ते तिचं तिलाच ठाऊक. सगळ्या पाळ्यांचं जेवण या माणसाच्या हाताखालून जायचं. माणूस बसेल एवढं पातेलं, फावड्याएवढा कालथा, आणि मीठ टाकायचं ते न बघता, बहुतेक वेळा कुणाला तरी झापता झापता. चाखून बघणं त्यांना मान्य नव्हतं. 'चाखतो तो शिकाऊ,' असं ते म्हणत. आणि खोटं कशाला बोला, जेवण कधी बिघडलं नाही. 'अळणी' हा शब्द तर त्यांना शिवीसारखा लागायचा.

घरात मात्र या वस्तादांनी कधी साधा चहा केला नव्हता. दिवसभर चुलीशी झुंजून आलेला माणूस, त्याला घरी पुन्हा कुठे चुलीपुढे उभं करायचं, असं बायको म्हणायची. निवृत्त झाल्यावरही तेच चालू राहिलं. आयतं ताट समोर आलं की हे पहिल्या घासालाच निकाल द्यायचे. 'फोडणी करपली.' 'मीठ अर्ध्या चिमटीने कमी.' ती मान डोलवायची. एवढ्या वर्षांत चवीच्या बाबतीत तिनं स्वतःचं मत ठेवायचंच सोडून दिलं होतं. घरात एक जीभ होती, आणि ती वस्तादांची.

मग तिचं हृदय दमलं. पाय सुजले, जिना चढताना धाप लागायला लागली, आडवं झालं की खोकला. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "गोळ्या एकीकडे आणि मीठ एकीकडे. मीठ बंद म्हणजे बंद. अंगात पाणी साठलं तर पुन्हा भरती करावं लागेल, आणि दर वेळी घरी पाठवता येईलच असं मी सांगू शकत नाही."

वस्तादांनी तिथल्या तिथे छातीवर हात मारला. "आजपासून हिचं जेवण मी करणार."

मुलीला रडूच आलं. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली ती, आईची काळजी तिला खात होती. बाबा स्वयंपाकघरात शिरणार म्हटल्यावर तिला हायसं वाटलं. आणि वस्तादांनी शब्द पाळला, बरं का. सकाळी उठून भाज्या चिरायच्या. दुधी, भोपळा, फ्लॉवर, मूग. आलं, लिंबू, भाजलेलं जिरं, ताजी कोथिंबीर, मिठाची उणीव झाकायला जे जे लागतं ते सगळं त्यांच्याकडे होतं. पद्धतही साधी ठेवली होती. भाजी एकच करायची, शिजली की बायकोचा वाटा आधी बाजूला काढायचा, आणि मग उरलेल्यात मीठ घालून स्वतःसाठी ठेवायची. शेजारपाजारच्या आजाऱ्यांना ते हीच युक्ती शिकवत. "पथ्य म्हणजे शिक्षा नव्हे," असं म्हणत जिन्यात उभे राहायचे. बायकोचं ताट चाटूनपुसून स्वच्छ परत यायचं, आणि तेवढ्यावर वस्ताद दिवसभर फुगून असायचे.

एकदाच ती म्हणाली, "अहो, भाजी जरा खारट लागतेय का?"

वस्ताद पोट धरून हसले. "अगं, मिठाचा कणही नाही तिच्यात! आजारपणात जिभेचं काही खरं नसतं." दुपारी त्यांनी हा किस्सा शेजारणीलाही ऐकवला. बायकोनंही हसून घेतलं आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

पुढच्या तपासणीला पाय तसेच सुजलेले. डॉक्टरांनी अंगठ्यानं नडगी दाबली, तर खळगा पडला तो भरेचना. "मीठ कुठून तरी जातंय," ते म्हणाले.

वस्तादांनी बायकोकडे पाहिलं. घरातला स्वयंपाक तर त्यांच्या ताब्यात, मग जाणार कुठून? घरी आल्याआल्या त्यांनी तिची पर्स पलंगावर उपडी केली. मुलगी आलेली होती, तिच्यासमोर. शेजारीण भांडं परत द्यायला दारात उभी होती, तिच्यासमोर. पर्समधून खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी निघाली.

"हे काय?"

"बसमध्ये खायला म्हणून हिच्यासाठी घेतली होती," बायको म्हणाली. 'ही' म्हणजे मुलगी.

"फोडलेली कशी मग? मी इथे तुझ्यासाठी मरमर मरतोय आणि तू चोरून खातेस?"

"नाही हो."

"चोरी ती चोरी, वर शिरजोरी!"

मुलगी 'बाबा, पुरे' म्हणत होती. मग बायकोच हळूच म्हणाली, "खाल्ले असतील एखाददोन." वाद मिटवायला माणूस जसं म्हणतो तसं. पण वस्तादांना कबुली मिळाली होती. त्या दिवसापासून खाण्याच्या कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली त्यांच्या खिशात गेली. जिन्यात जो भेटेल त्याला ते सांगत, "घरातच चोर असल्यावर माणसानं काय करावं?" बायको खिडकीपाशी बसून असायची. शेजारणीकडे जाणं तिनं बंद केलं.

दवाखान्यात पथ्याचं जेवण सांगणाऱ्या एक बाई होत्या. त्या अधूनमधून आजाऱ्यांच्या नातेवाइकांना बोलावून घरच्या घरी करता येणारे सोपे पदार्थ दाखवत. वस्तादांची कीर्ती त्यांच्या कानावर गेली आणि त्यांनी निरोप धाडला, 'काका, एकदा तुम्हीच करून दाखवा.' वस्तादांनी कँटीनचा पांढरा कोट इस्त्री करून घातला. बायकोलाही बरोबर घेतलं. पथ्य मोडल्यावर काय होतं, ते लोकांना समोर दिसावं हा त्यातला हेतू. हे ते बोलले नाहीत, पण पहिल्या रांगेत मधोमध तिला बसवलं ते त्यासाठीच.

खोली भरली होती. टेबलावर शेगडी, कढई, चिरलेल्या भाज्या, आणि घरच्या इतरांच्या वाट्यात घालायला म्हणून मिठाची वाटी. वस्ताद रंगात आले. फ्लॉवरचे तुरे गरम पाण्यात टाकले, कढईत तेल, जिरं, कांदा, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. "आम्ही एवढ्या माणसांना जेवू घातलं, पण खरी परीक्षा ही! मीठ न घालता चव आणणं म्हणजे येरागबाळ्याचे काम नोहे!" लोक हसले.

बायकोच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांची बायको वर वॉर्डात होती आणि त्यांनी आयुष्यात कधी कांदाही चिरला नव्हता. त्यामुळे ते डोळ्यांत तेल घालून सगळं बघत होते. त्यांनी हात वर केला.

"काका, तुम्ही आत्ता कांद्यात काय टाकलंत?"

"कुठे काय?"

"त्या वाटीतलं. चिमूटभर. आणि मघाशी फ्लॉवरच्या पाण्यातही टाकलं होतं, चांगलं मूठभर. रागावू नका, आम्हाला यातलं काही कळत नाही, म्हणून विचारतो."

"ते होय? फ्लॉवरची कीड निघावी म्हणून. आणि हे कांद्याला पाणी सुटावं म्हणून. ते काही मीठ नव्हे, मीठ आपण शेवटी..."

वस्ताद थांबले. कांदा तडतडत होता. आपल्याच उजव्या हाताकडे ते बघत राहिले. अंगठा आणि दोन बोटांना पांढरे कण चिकटलेले. कँटीनमध्ये त्या पहिल्या चिमटीला कुणी मीठ म्हणतच नसे. मीठ म्हणजे शेवटी घालतात ते, ज्याच्यावर चव ठरते ते. पहिली चिमूट म्हणजे नुसती कामाची रीत. डाळ शिजताना एक, भाजी परतताना एक, भाज्या बुडवायच्या पाण्यात मूठभर. रोज, दोन्ही वेळा. हात आपला जायचा आणि यायचा, आणि हे 'मिठाचा कणही नाही' म्हणत जिन्यात उभे राहायचे.

पथ्य सांगणाऱ्या बाई सावरून घेत म्हणाल्या, "असं होतं, सवयीनं हात जातो. आपण दुसरा कांदा घेऊ या." पण वस्तादांना ऐकू येत नव्हतं. त्यांनी मान वर केली तर समोर ती. सुजलेले पाय चपलेत न मावल्यामुळे तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. ती खालमानेनं बसली होती. एवढ्या लोकांत नवऱ्याची फजिती झाली म्हणून तिलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

वस्तादांनी शेगडी बंद केली. इतक्या माणसांत लाज वाटून पळून जावंसं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. पाय उचललाही होता. पण पर्स लोकांसमोर उपडी केली होती, ती त्यांना आठवली.

"ही माझी बायको," ते म्हणाले. "मी हिला चोर म्हटलं. हिचं कपाट बंद केलं. सगळ्या जिन्यात सांगितलं. हिनं काही खाल्लं नव्हतं. मीच घालत होतो."

परतीच्या वाटेवर एका कोपऱ्यावर दम खायला ती थांबली, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुला तर खारट लागत होतं. मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले होते की." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "तुम्ही म्हणालात मीठ नाही. मग मला वाटलं, माझीच जीभ बिघडली. तुमची कशी चुकेल?"

घरी पोचल्यावर त्यांनी कपाटाचं कुलूप काढून खिडकीतून खाली टाकलं. मुलीला फोन केला आणि पहिल्या वाक्यातच सगळं सांगून टाकलं. मिठाचा डबा घेऊन ते शेजारणीच्या दारात गेले. शेजारीण विचारायच्या आत म्हणाले, "हा आता तुमच्याकडेच राहू दे. चोर मी होतो, वहिनी." तिनं डबा घेतला.

संध्याकाळी त्यांनी दुधीची भाजी केली. उजवा हात सारखा ओट्याच्या कोपऱ्याकडे जायचा, डबा असायचा तिकडे, आणि रिकामा परत यायचा. शेवटी त्यांनी तो हात कोटाच्या खिशात घातला आणि डाव्या हातानं भाजी ढवळली. निम्मी ओट्यावर सांडली. वाटीत वाढून ते तिच्यापुढे जमिनीवर बसले. चमचा आधी तिच्या तोंडाशी धरला आणि वाट बघत राहिले, नोकरीच्या पहिल्या दिवशी मुख्य आचाऱ्यापुढे बसले होते तसे.

तिनं घास घोळवला. बराच वेळ घोळवला. त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या घरात तिनं कधी निकाल दिला नव्हता.

"अळणी आहे," ती म्हणाली.

वस्तादांनी मान खाली घातली. "नक्की?"

"नक्की. अगदी अळणी."

ते दुसरा चमचा भरू लागले. तिनं चमचा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि आपल्या हातानं जेवू लागली.