बुडाला लागलेली खीर

आमच्या टॉवरमध्ये माझं नाव फक्त दाराच्या पाटीवर आणि मेंटेनन्सच्या बिलावर उरलं आहे. बाकी सगळ्यांसाठी मी ‘सांस्कृतिक’. परळला राहायला आलो त्या वर्षीच्या सभेत कोणीतरी विचारलं, सांस्कृतिक समिती कोण बघणार? सगळ्यांनी लगेच मोबाइलमध्ये माना घातल्या. माझा मोबाइल घरी चार्जिंगला लावलेला होता, म्हणून माझी मान तेवढी वर राहिली. तेव्हापासून मी सांस्कृतिक. वॉचमन मला ‘कल्चरल साब’ म्हणतो आणि सलाम ठोकतो. बँकेत इतकी वर्षं अधिकारी होतो, तिथं कोणी ठोकला नाही.

या पदाचा मला माज आहे, उगाच कशाला खोटं बोला. दादरला नाटकाला न्यायचं ते मी, आणि मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत सगळ्यांच्या वतीनं घुसायचं तेही मीच. माटुंग्याला इडली खायला नेलं तर आमच्यातल्या एका कुटुंबानं तिथं मिसळ मागितली. वेटरनं माझ्याकडे बघितलं आणि मी खाली. नाताळात खोताची वाडी दाखवायला नेलं, तर आमच्या मंडळींनी परक्याच्या घराच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढले. त्या घरातल्या आजीनं भरलेला दम मी हात जोडून ऐकून घेतला. गणपतीत झांजा माझ्याकडे. हळदीकुंकवाची वाणं लालबागहून घासाघीस करून आणतो मी. बायका म्हणतात, सांस्कृतिकना वाणातलं कळतं हं.

आता यातली गंमत सांगतो. आम्ही बौद्ध. आमच्या घरी गणपती बसत नाही की हळदीकुंकू होत नाही. म्हणजे सगळ्या टॉवरचे सण मी साजरे करायचो, एक माझा सोडून. बुद्धपौर्णिमेला आम्ही पांढरे कपडे घालून सकाळीच नायगावला जायचो, माझ्या लहानपणीच्या चाळीत. तिथं वंदना करायची, खीर खायची आणि संध्याकाळी परत यायचं. लिफ्टमध्ये कोणी विचारलं, “काय, लग्नाला का?” तर मी म्हणायचो, “हो, जवळचं होतं.”

बायको माझ्याकडे बघायची. काही बोलायची नाही. तिचं न बोलणं पुढे आठवडाभर चालायचं.

मला भीती होती ती एकाच गोष्टीची. आपण दिलेलं लोक खातील का? ही भीती काही आभाळातून पडलेली नाही. टॉवरच्या आधी आम्ही भाड्याच्या घरात होतो. तिथं शेजारी एकदा खीर पाठवली होती. तासाभरानं डबा परत आला, स्वच्छ घासलेला आणि रिकामा. कोणाचा डबा रिकामा परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हे शेजारणीला माहीत नसेल असं नाही. एरवी तीच इतरांना सांगायची. आणि खिरीचं काय झालं ते दुसऱ्या दिवशी तिच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी खिरीचं कौतुक केलं तेव्हा कळलं. तेव्हापासून न खाण्याच्या सगळ्या तऱ्हा मी ओळखतो. ‘आत्ताच जेवलो.’ ‘आज उपास.’ ‘शुगर आहे हो.’ आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ‘ठेवा ना, नंतर खाते.’

हे शेवटचं वाक्य मला म्हणाल्या होत्या चौदाव्या मजल्यावरच्या काकू. या काकू मूळच्या गिरगावच्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. टॉवरमधले पन्नाशीचे पुरुषही त्यांना बघून शर्टाचं वरचं बटण लावतात. आमच्याकडे पहिल्या दिवाळीला फराळाला आल्या, ताटलीकडे बघितलं, म्हणाल्या, “ठेवा, नंतर खाते,” आणि ताटलीवर दुसरी ताटली झाकून घरी घेऊन गेल्या. त्या दिवसापासून मी मनात त्यांच्यावर खटला चालवत होतो. फिर्यादी मी, वकील मी, न्यायाधीशही मीच. निकाल कधीच लागला होता.

यंदाच्या सभेत सेक्रेटरी वर्षभराच्या कार्यक्रमांची यादी वाचत होता. हा मालवणचा, माझा दोस्त. “अजून काय राहिलं?” त्यानं विचारलं. बायको माझ्या शेजारीच बसली होती. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मी उभा राहिलो. मी भाषण तयार करून आणलं होतं. त्यात इतिहास होता, बंधुता होती, कोणी विरोध केलाच तर तोंडावर फेकायला दोन जळजळीत वाक्यं होती. मी घसा खाकरून म्हणालो, “बुद्धपौर्णिमा.”

“बरोबर रे, ती कशी काय राहिली?” सेक्रेटरी म्हणाला. “लिहून घेतो. मंजूर ना सगळ्यांना? मंजूर. चला, आता पार्किंग.”

पार्किंगवर दीड तास भांडण झालं. माझी जळजळीत वाक्यं खिशातच राहिली.

घरी आल्यावर मी शक्कल काढली. खीर कशाला करायची? दादरच्या नामांकित दुकानातले पेढे वाटू. दुकानाचं नाव छापलेल्या बॉक्समधला पेढा कोणीही खातो, तो कोणाच्या हातचा ते कोण विचारतं?

“पेढे पोरं पास झाल्यावर वाटतात,” बायको म्हणाली. “पौर्णिमेला खीर.”

“पण नाही खाल्ली कोणी तर?”

“तर नायगावला नेऊ. तिथं खाणारे कमी आहेत का? अहो, आपण खीर वाटतोय, परीक्षेला नाही बसलोय.”

तिचं खरं होतं. मी मात्र बसलोच होतो परीक्षेला, तेही अभ्यास न करता.

लालबागहून टोप आणि शेगडी भाड्यानं आणली. केवढा टोप! त्यात मी आणि सेक्रेटरी दोघं मांडी घालून बसलो असतो. संध्याकाळी पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या जागेत, बुद्धमूर्ती मांडली, पांढरी फुलं, मेणबत्त्या. नायगावहून आलेल्या दोघा-तिघांनी वंदना म्हटली. टॉवरमधली थोडी मंडळी मागे उभी होती, चपला काढाव्यात की नाही हे एकमेकांच्या पायांकडे बघून ठरवत. कोपऱ्यात टोपात दूध आटत होतं, तांदूळ शिजत आला होता. बायकोनं साखर घातली आणि लांब दांड्याचं उलथनं माझ्या हातात दिलं.

“मी वर जाऊन वेलची आणि वाट्या घेऊन येते. ढवळत राहा, तळापासून. दूध आहे, इथून हलायचं नाही.”

मी हललो नाही. म्हणजे थोडा वेळ. मग माझ्या लक्षात आलं की कोपऱ्यातून लिफ्ट दिसत नाही, आणि लिफ्टच दिसली नाही तर कोण उतरतंय, कोण नाही उतरत, ते कळणार कसं? खांबाच्या पलीकडे गेलं की लिफ्टचा आकडा नीट दिसायचा. मी उलथनं टोपाला टेकवून ठेवलं आणि खांबापाशी जाऊन उभा राहिलो. आकडा वर चढत होता. दहा, अकरा, बारा. चौदावर थांबला. लिफ्ट खाली आली, दार उघडलं, आणि आतून एक कुत्रा फिरायला निघाला. मागोमाग त्याचा मालक. मी पुन्हा आकडा बघत राहिलो. या खेपेला तो चौदावर थांबलाच नाही. बघा, मी स्वतःला म्हणालो, येणार नाहीत. माहीतच होतं मला. आणि असं म्हणताना मला, लाज वाटते सांगायला, थोडं बरंही वाटलं.

तेवढ्यात वास आला.

धावत गेलो. घरात कोणालाही विचारा, दूध बुडाला लागलं की वरचं हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात काढायचं, तळाला धक्का लावायचा नाही. मी दोन्ही हातांनी उलथनं धरलं आणि तळ जीव खाऊन खरवडला. तपकिरी पापुद्रे वर येऊन पांढऱ्या खिरीत पोहायला लागले.

“खरवडू नका!” बायको लिफ्टमधून बाहेर पडतापडताच ओरडली. पण व्हायचं ते झालं होतं. तिनं वरची खीर दुसऱ्या पातेल्यात उपसली, आणली होती तेवढी सगळी वेलची त्यात ओतली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तुम्ही फक्त नाटकाची तिकिटंच काढा.”

आणि मग लोक आले, बघताबघता पोडियम भरलं. हातात वाट्या, तोंडात खीर. “छान झालीये.” “वेगळीच चव आहे ना?” “अप्रतिम!” सेक्रेटरी म्हणाला, “स्मोकी फ्लेवर आलाय रे, मस्त.” कोणी एकही वाईट शब्द बोललं नाही, आणि त्यानं माझा जीव आणखीच कासावीस झाला. आमच्या गणपतीच्या जेवणात भात जरा कच्चा राहिला तर हीच मंडळी केटररला फाडून खातात. नाटकाच्या मध्यंतरात वडा गार निघाला तर तीन दिवस ग्रुपवर माझी पूजा बांधतात. आणि इथं खीर करपली आहे, आंधळ्यालाही कळावं, आणि सगळे ‘अप्रतिम’ म्हणतात? इतका आदर परक्यालाच देतात. कुंड्यांमागे अर्ध्या भरलेल्या वाट्या दिसायला लागल्या. त्या करपल्या खिरीच्या होत्या की आमच्या खिरीच्या, हे मला कधी कळणार नव्हतं. ती सोय मी स्वतःच्या हातानं घालवली होती.

तेव्हा काकू आल्या. जिन्यानं आल्या, लिफ्ट भरलेली होती म्हणून. मूर्तीपुढे फूल वाहिलं, बायकोच्या हातातून वाटी घेतली आणि उभ्याउभ्याच पहिला चमचा तोंडात घातला. काकूंचा चेहरा वाकडा झाला.

“खीर लागलीये,” त्या म्हणाल्या. शाळेच्या मैदानावर ऐकू जाईल अशा आवाजात. “कोणी केली?”

बायकोनं निमूटपणे माझ्याकडे बोट दाखवलं.

“लक्ष कुठे होतं?”

तुमच्यावर, असं म्हणणार होतो. म्हणालो, “चुकलं, काकू.”

“चुकलं म्हणजे काय? एवढं दूध! दुधापाशी उभं राहायचं तर माणसानं दुसरीकडे बघू नये. पुढच्या वर्षी मी येऊन ढवळीन.” आणि रागानंच त्यांनी वाटी संपवली, शेवटचा थेंब चमच्यानं पुसून घेत. त्यांनी विषयाला तोंड फोडलं म्हटल्यावर सगळ्यांनाच कंठ फुटला. “हो ना, लागलीच आहे जरा.” “जरा? चांगलीच करपलीये!” “सांस्कृतिक, तुम्ही झांजा वाजवा हो फक्त.” सेक्रेटरी म्हणाला, “मी आपलं मैत्रीखातर बोललो रे.” चारही बाजूंनी माझी टर उडवली जात होती, आणि मी मूर्खासारखा हसत उभा होतो.

“खरवड कुठे आहे?” काकूंनी विचारलं.

बायको गोंधळली. “काकू, खरवड पाहुण्यांना कशी द्यायची? ती घरातली माणसं खातात.”

“पाहुणी कोण? मी चौदाव्या मजल्यावरून आलेय, चंद्रावरून नाही. लहानपणापासून खरवड माझीच असते.”

त्यांनी प्लॅस्टिकचं स्टूल ओढून टोपाशी बैठक मारली. इकडे तिकडे बघितलं. मग तोंडापुढे पदर धरला, कवळी काढली आणि रुमालात बांधली.

“कोणाला शांगू नका,” त्या बोळक्या तोंडानं म्हणाल्या. “या दातांनी चारचौघांत काही कडक खाता येत नाही. तुमच्या दिवाळीच्या चकल्या मी घरी नेऊन चहात बुडवून खाल्ल्या. मीठ कमी होतं.”

इतकी वर्षं चालवलेला माझा खटला त्या स्टुलावर निकालात निघाला. बायको माझ्याकडे बघत होती. आता या वेळी तरी काहीतरी शहाण्यासारखं करा, असं ते बघणं होतं.

एक मात्र सांगतो. न खाणाऱ्या प्रत्येकाला कवळी नसते. त्या संध्याकाळी काही घरांतून कोणी उतरलंच नाही, आणि कुंड्यांमागच्या सगळ्याच वाट्या करपल्या चवीमुळे उरल्या होत्या असं मी शपथेवर सांगणार नाही. तो घासलेला रिकामा डबा अजून आमच्याकडे आहे, आणि मी तो विसरलेलो नाही.

काकू चमच्यानं तळ खरवडत होत्या. एक घास त्यांनी खाल्ला, डोळे मिटले, आणि तोच चमचा, तोंडातून काढलेला, परत टोपात घातला.

मला रडू आलं. सरळ सांगतो, आलं.

“रडताय काय?” काकू म्हणाल्या. “चमचा घ्या. खरवड एकट्यानं संपत नाही.”

मी आणि बायको टोपाच्या दोन बाजूंना खाली फरशीवर बसलो. खरवड कडू होती, मधेच गोड लागायची. काकूंनी माझ्या चमच्याखालचा एक मोठा पापुद्रा सरळ ओढून घेतला, आणि मी म्हणालो, “काकू, तो माझा होता.”