स्फटिकातलं कथील

मी विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवते. नवे स्फटिक बनवायचे आणि अतिथंड केल्यावर ते कसे वागतात ते बघायचं, हे माझं संशोधन. माझ्याकडे पीएचडी करणारी एक मुलगी भाईंदरजवळच्या मुर्धा गावची होती, कोळ्याच्या घरची. तिचा हात फार चांगला. वितळलेल्या कथलात धातू विरघळवायचे, भट्टी हळूहळू थंड करायची, मग कथील ओतून टाकायचं. मागे उरतात ते स्फटिक.

एकदा अतिथंड केल्यावर तिच्या स्फटिकांमधून वीज अजिबात अडथळा न होता वाहू लागली. त्या पदार्थात असं कुणी पाहिलेलं नव्हतं. तेवढं थंड केल्यावर कथीलही असंच वागतं, म्हणून वर चिकटलेलं कथील काढायला तिने स्फटिक आम्लात धुतले, घासले, पुन्हा मोजले. निकाल तोच. सगळा प्रबंध त्यावर उभा राहिला.

लेख पाठवण्याआधी नमुने दुसऱ्या संस्थेत तपासायला दिले. स्फटिकांच्या आत, बारीक फटींत, कथील निघालं. इतके दिवस आम्ही कथीलच मोजत होतो.

ती लॅबमध्ये यायची बंद झाली. फोनही उचलेना. शेवटी एका रविवारी मी भाईंदर पूर्वेहून रिक्षा करून तिच्या घरी गेले. आईने दार उघडलं, बसवलं आणि विचारलं, "मॅडम, पोरीचं काय चुकलं काय?"

"नाही. तिने सगळं नीट केलं."

"मग असं कसं झालं?"

मी कथलाचं सांगू लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. पुन्हा सुरुवात करायची तर फेलोशिप संपत आलेली. मुदतवाढीचा अर्ज मी केला होता, वरून उत्तर येत नव्हतं.

तेवढ्यात ती आतून आली. डोळे सुजलेले.

"मॅडम, काहीच सापडलं नाही, असा प्रबंध चालतो का?"

"चालतो," मी म्हणाले. खरंच चालतो. पण त्यावर पुढे कुणी संशोधनाला बोलावत नाही, हे मला माहीत होतं. तिलाही असणार.

तिने तो लिहिला. परीक्षकांनी कौतुक केलं, डॉक्टरेट मिळाली. मी ओळखीत असलेल्या सगळ्यांना शिफारसपत्रं पाठवली. काहींनी शुभेच्छा कळवल्या. आता ती मीरा रोडला एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतेय. छान शिकवते म्हणतात. कधी भाईंदरला केबिन रोडवर भेटली की मी तिला क्लासचं विचारते. लॅबचं ती विचारत नाही, आणि मीही तो विषय काढत नाही.