पंधरा न् पंधरा

शेजारच्या सुनेचे दहावीचे गणित राहिले होते आणि तिला पुढे नर्सिंग शिकायचे होते. सासऱ्यांनी परवानगी दिली होती, पण ही शेवटची खेप, असे बजावून. मी निवृत्त गणितशिक्षक. म्हणून ती रोज दुपारी आमच्या जामखेडच्या घरी वही घेऊन येई. मांडून दिलेली समीकरणे ती बिनचूक सोडवी. अडे ती मिश्रणाच्या शाब्दिक उदाहरणांपाशी.

त्यांच्या घरी दुधाचा धंदा, म्हणून मी मुद्दाम ओळखीचे उदाहरण निवडले. म्हशीच्या दुधाला सात फॅट, म्हणजे सात टक्के स्निग्धांश, गाईच्या दुधाला चार. पाच फॅटचे तीस लिटर दूध करायचे, तर प्रत्येकी किती घ्यावे?

“पंधरा न् पंधरा,” ती तत्काळ म्हणाली.

मी पायऱ्या मांडल्या. समजा, म्हशीचे दूध क्ष लिटर. म्हणून गाईचे तीस वजा क्ष. तिने सारे उतरवून घेतले, मान डोलावली आणि पुढच्या उदाहरणात पुन्हा निम्मे-निम्मे केले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझा आवाज चढला.

“अगं, निम्मे घ्यायला सांगितले कोणी?”

“गुरुजी, हॉटेलचं दूध आमी रोज तसंच करतो. एक कॅन म्हशीचं, एक गाईचं. मिसळायचं म्हंजी निम्मं-निम्मंच की.”

म्हणजे ओळखीचे उदाहरणच आडवे आले होते. त्यात तिचे सासरे कुंपणापलीकडून म्हणाले, “गुरुजी, दुदात पानी घालत्यात ठावं हुतं. आता क्ष बी घालाय लागले व्हय?”

ती हसली. मला हसू आले नाही. परीक्षा तोंडावर होती.

शेवटी मी तिला दोन बाटल्या भरायला लावल्या. एकीत दोन्ही दुधे निम्मी. दुसरीत एक माप म्हशीचे, दोन मापे गाईचे. दूध संकलन केंद्रावर फॅट काढून ती धावतच आली.

“निम्म्याचं साडेपाच लागलं, गुरुजी! दुसऱ्याचं पाच. गाईचं जादा घातलं तवाच खाली येतंय.”

“मग इतके दिवस मी काय सांगत होतो?”

पेपरच्या दिवशी मी परीक्षा केंद्राबाहेर उभा राहिलो. ती बाहेर आली. “आम्लाचं आलं हुतं. तीस टक्क्यांचं न् पन्नासचं मिसळून पंचेचाळीसचं चाळीस लिटर करायचं.”

“वीस-वीस?” मी भीत भीत विचारले.

“न्हाई. दहा न् तीस.”

बरोबर. “आणि ‘समजा क्ष’?”

“ते ऱ्हायलं. एकदम बाटल्याच मांडल्या.”

पायरीला स्वतंत्र गुण असतो, हे मी पुन्हा सांगू लागलो, तोच तिला न्यायला आलेल्या सासऱ्यांनी मोटारसायकलला किक मारली. “उत्तर आलं न्हवं? मग झालं की, गुरुजी!”

निकाल लागला. ती अगदी काठावर उत्तीर्ण झाली. पेढा हातात घेताना मी एवढेच म्हणालो, “ती ओळ लिहिली असतीस, तर काठावर राहिली नसतीस.”