यांच्या बी.ए.च्या अर्जाला लागलेलं कुंकू

मैत्रिणींनो, आज माझ्या हातून घोळ झाला.

आमचे हे नांदेडला विद्यापीठात शिपाई आहेत. नोकरी करत शिकणाऱ्या कर्मचाऱ्यांची फी विद्यापीठच भरतं. महिनाभर मी मागे लागले, तेव्हा कुठं यांनी बी.ए.चा अर्ज भरला. "या वयात पोरं हसतील," हेच पालुपद.

आज शेवटची तारीख. सकाळी अर्ज देवापुढं ठेवून ओलं कुंकू लावलं, ते नेमकं यांच्या ऑफिसातल्या साहेबांच्या सहीवर पसरलं.

दुपारी यांचा फोन आला, "अगं, पूजा कागदाची केलीस का सहीची? अर्ज घेईनात."

मला रडूच आलं. म्हटलं, "ऱ्हाऊ द्या मग."

"ऱ्हाऊ कसं देऊ? दुसरा अर्ज भरून साहेबांच्या दारात उभा हाय. सही घेतल्याबिगर हलत न्हाई."

तुमच्याही घरात आहे का कुणी, शिकायची हौस मनातच दाबून बसलेलं?